सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही

जुन्या गाडीच्या मेकॅनिकला फोन करून ‘गाडी चालू होत नाहीये’ असं सांगितलं, की तो आधी एकच विचारतो : ‘सेल्फ फिरतोय का?’ अर्धा निकाल या उत्तरावर लागतो. किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘टक्’ वाजलं किंवा काहीच वाजलं नाही, तर दोष बॅटरीत, तिच्या टर्मिनल्सवर किंवा सेल्फच्या मोटरमध्ये असतो, आणि तो शोधायला फार डोकं लागत नाही. पण सेल्फ घरघर फिरतोय, इंजिनही त्याच्याबरोबर फिरतंय आणि तरी ते पकडत नाही, अशा वेळी माणूस गोंधळतो. गोंधळला की एकच गोष्ट करतो, सेल्फ मारत बसतो. पाच मिनिटांत बॅटरी उतरते, प्लग पेट्रोलनं भिजतात, सेल्फ तापतो. मूळ दोष जिथल्या तिथे राहतो आणि त्याला तीन नवे जोडीदार मिळतात.

इथे मुख्यतः कार्बोरेटर आणि पॉइंटवाल्या गाड्यांबद्दल लिहितोय. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली पद्मिनी, अँबॅसडर, १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती ८०० आणि तिच्या पुढच्या कार्बोरेटरवाल्या आवृत्त्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यावर, ऑक्टोबर २०२३मध्ये, ती रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिन्या मात्र अजून आहेत. पुण्यात, कोल्हापुरात, सांगलीत वडिलांची गाडी म्हणून जपलेल्या आठशेही पुष्कळ आहेत. या गाड्यांची चांगली बाजू अशी, की त्यांत संगणक नाही. काय बिघडलंय ते डोळ्यांनी दिसतं, नाकाला कळतं, कानाला ऐकू येतं.

गंमत म्हणजे गाडी फिरवणारा सेल्फ आणि गाडी पेटवणारी यंत्रणा, दोन्ही एकाच माणसानं दिलेल्या आहेत. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन गावी राहणारे चार्ल्स केटरिंग. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांवर चालणारी त्यांची प्रज्वलन व्यवस्था १९१०च्या कॅडिलॅकमध्ये आली आणि विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅकमध्ये. त्याआधी केटरिंग गल्ल्यावरची हिशेबाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होते आणि तिथे त्यांनी यंत्राचा खण उघडायला छोटी मोटर बसवली होती. एखादी लहान मोटर क्षणभरच चालवायची असेल, तर तिच्यावर झेपणार नाही इतका भार टाकला तरी चालतो, हे त्यांनी तिथे हेरलं. गाडीचा सेल्फ याच तत्त्वावर आहे. तो शंभर-दीडशे, कधी दोनशे अँपिअर करंट ओढतो आणि काही सेकंदांसाठीच बनलेला आहे. म्हणून एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि मध्ये अर्धा मिनिट तरी थांबावं.

आता मुद्द्याकडे. पेट्रोल इंजिनाला सुरू व्हायला पेट्रोल-हवेचं योग्य मिश्रण, ते दाबण्यापुरतं कॉम्प्रेशन आणि वेळेवर पडणारी ठिणगी एवढंच लागतं. ‘वेळेवर’ हा शब्द त्यात फार महत्त्वाचा आहे, त्याकडे पुढे येऊ. गॅरेजच्या भाषेत प्रश्न दोनच : करंट नाही, की पेट्रोल नाही? टायमिंग बेल्ट तुटण्याचा अपवाद सोडला, तर कॉम्प्रेशन एका रात्रीत जात नाही. काल संध्याकाळी नीट चाललेली गाडी सकाळी सुरू होत नसेल, तर पिस्टनच्या रिंगा रात्रीतून झिजल्या नाहीत हे नक्की. दोष करंटमध्ये किंवा पेट्रोलमध्ये आहे, आणि बहुतेकदा तो मोठ्या भागात नसून एखाद्या जोडात, वायरीच्या टोकाशी किंवा कार्बोरेटरच्या एवढ्याशा जेटमध्ये असतो. हे ठरवल्याशिवाय नवा भाग विकत आणू नये, असं माझं ठाम मत आहे. प्लग बदलून पाहिले, कॉइल बदलून पाहिली, मग पंपही बदलला, ही दुरुस्ती नव्हे, ही खरेदी झाली. शिवाय तीन भाग एकदम बदलल्यावर गाडी सुरू झाली, तर दोष नेमका कशात होता हे कधीच कळत नाही.

बॉनेट उघडण्याआधी कान द्या. धडधाकट इंजिन सेल्फवर फिरताना एका लयीत दमतं. प्रत्येक सिलिंडर दाबावर आला की आवाज किंचित जड होतो, मग सुटतो, पुन्हा जड होतो. ही लय नसून सेल्फ एकसारखा, हलका आणि नेहमीपेक्षा जोरात सुर्रर्र फिरत असेल, तर कॉम्प्रेशनच नाही. मारुती ८००मध्ये याचा पहिला संशय टायमिंग बेल्टवर घ्यायचा. डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरून फिरतो. आतला रोटर जागचा हलत नसेल, तर बेल्ट तुटलाय किंवा त्याचे दात गेलेत. मग बाकी काही तपासू नका, सेल्फही मारू नका, गाडी ओढून न्या. पद्मिनीत बेल्टऐवजी साखळी असते आणि ती सहसा अशी धोका देत नाही, ढिली झाली की आधी बरेच दिवस वाजते.

कानानंतर नाक. गाडीजवळ पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर गाडी ओव्हर झालीय, म्हणजे सिलिंडरमध्ये गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेलंय. चोक ओढून, वर ॲक्सिलरेटर चार-पाचदा पंप करून सेल्फ मारण्याची सवय असलेल्यांच्या गाड्या हमखास ओव्हर होतात. चोक पूर्ण आत ढकला, दहा मिनिटं थांबा. मग ॲक्सिलरेटर एकदाच तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि सेल्फ मारा. पंप करायचा नाही. पंप केलं की दर वेळी पेट्रोलची नवी पिचकारी आत जाते. पूर्ण उघडलेल्या थ्रॉटलमधून भरपूर हवा आत येऊन प्लग सुकवते, मग इंजिन दोन-तीनदा फुरफुरून पकडतं. याउलट बराच वेळ सेल्फ मारूनही वास अजिबात येत नसेल, तर पेट्रोलच पोचत नाहीये.

वासानं निकाल लागला नाही, तर ठिणगी पाहायची. इथे जरा सावधपणा हवा. सांडलेलं पेट्रोल पुसून घ्या, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि प्लगची वायर उघड्या हातानं धरू नका. कॉइलमधून निघणारा दाब वीस हजार व्होल्टच्या घरात असतो. करंट कमी असल्यानं सहसा जीव जात नाही, पण हात असा झटकला जातो की पंख्याच्या पात्यावर जाऊन आदळायचा. ज्याला पेसमेकर बसवलेला आहे त्यानं तर या कामाच्या जवळही जाऊ नये.

कॉइलच्या मधोमध निघणारी जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत जाते. ती टोपीतून काढायची आणि रबरी मुठीच्या पक्कडीनं तिचं टोक इंजिनाच्या उघड्या धातूपासून पाचेक मिलिमीटरवर धरायचं. दुसऱ्या माणसानं सेल्फ मारायचा. निळसर-पांढरी, तडतड वाजणारी ठिणगी पडली, तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर आणि त्यांना होणारा पुरवठा या सगळ्यांना एका फटक्यात क्लीन चिट मिळाली. दोष पुढे आहे : रोटरमध्ये, टोपीत, प्लगच्या वायरींत किंवा प्लगमध्ये. ठिणगी नाहीच, किंवा पिवळट, लालसर, मरगळलेली आहे, तर दोष मागे आहे. एवढ्या एका चाचणीनं शोधाचं क्षेत्र निम्म्यावर येतं. ही कसोटी पॉइंटवाल्या गाड्यांसाठीच, हे मात्र लक्षात ठेवा. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या गाडीत वायर अशी हवेत सोडली तर मॉड्यूल जळू शकतं. तिथे वायरीच्या टोकाला जुना प्लग लावून त्याचं अंग इंजिनाला टेकवून पाहायचं.

ठिणगी नसेल, तर गाठ पॉइंटशी. या यंत्रणेचं काम समजून घेतलं की तपासणी आपोआप सुचते. कॉइलच्या आत तारेची दोन वेटोळी असतात. जाड तारेच्या वेटोळ्यातून बॅटरीचा बारा व्होल्टचा प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणारा कॅम ठरल्या क्षणी पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळतं, आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात, ज्यात वेढे साधारण शंभरपट असतात, हजारो व्होल्ट उसळतात. ठिणगी पॉइंट मिटताना पडत नाही, उघडताना पडते. चार सिलिंडरची पद्मिनी चार हजार फेऱ्यांवर पळत असेल, तेव्हा हे मिनिटाला आठ हजार वेळा घडत असतं. पॉइंटच्या हलत्या पात्याला कॅमवर टेकणारी फायबरची छोटी टाच असते. ती हळूहळू झिजते, फट कमी होत जाते, गाडी सुरू व्हायला रोज थोडी अधिक कुरकुर करते, आणि एक दिवस पॉइंट उघडतच नाहीत. फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर हवी. फिलर गेज जवळ नसेल, तर व्हिजिटिंग कार्ड घालून काम भागवलं जातं. कार्ड जरा पातळच भरतं, पण घरी पोचता येतं.

लालबागला एका गॅरेजात एक म्हातारे मिस्त्री बसायचे. जन्म टॅक्सी दुरुस्त करण्यात गेलेला. त्यांच्या हातात मल्टिमीटर कधी दिसला नाही, दोन वायरी जोडलेला बारा व्होल्टचा एक बल्ब मात्र कायम गळ्यात अडकवलेला. एक वायर इंजिनाच्या नटाला लावायची, दुसरी कॉइलच्या त्या टोकाला, जिथून डिस्ट्रिब्युटरकडे पातळ वायर जाते. मग ओरडायचे, ‘मार रे सेल्फ!’ बल्ब लुकलुकला, की पॉइंट उघडतायत आणि मिटतायत, बास. बल्ब एकसारखा जळत राहिला, तर पॉइंट मिटून अर्थ करतच नाहीयेत, एक तर त्यांच्यावर काजळी किंवा तेल बसलंय, नाहीतर फट फार मोठी झालीय. बल्ब जळलाच नाही, तर पॉइंट मिटलेलेच राहिलेत, वायर कुठेतरी बॉडीला लागलीय, किंवा कॉइलपर्यंत करंटच येत नाही. ‘आता वरच्या टोकाला लाव’ म्हणायचे, आणि तेही तपासून व्हायचं. सगळं मिळून तीन मिनिटं. मी एकदा विचारलं, ‘काका, मीटर का नाही घेत?’ तर म्हणाले, ‘मीटर आकडा सांगतो, बल्ब भार ओढतो.’ बरोबर होतं ते. गंजलेल्या जोडातून मीटरवर बारा व्होल्ट दिसतात, पण प्रत्यक्ष करंट ओढायला लागलं की तो जोड नांगी टाकतो, हे बल्बच्या मंद पिवळ्या उजेडात लगेच दिसतं.

काजळलेल्या पॉइंटवर पॉलिश पेपरची बारीक पट्टी फिरवून, नंतर स्वच्छ कापडानं पुसलं की गाडी बहुधा पकडते. पण पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील, तर दोष त्यांचा नसून कंडेन्सरचा समजावा. करंगळीएवढं डबडं असतं ते. पॉइंट उघडताना प्रवाह फटीतून उडी मारू पाहतो. ती उडी कंडेन्सर स्वतःत जिरवतो, म्हणून प्रवाह झटकन तुटतो आणि ठिणगी जोरकस पडते. कंडेन्सर गेला की पॉइंटवर पिवळी आग दिसते आणि प्लगवरची ठिणगी मरते.

एक फसवा प्रकार असा, की किल्ली ‘स्टार्ट’वर धरलेली असताना इंजिन पकडत नाही, पण सोडतानाच्या क्षणी एकदा हुंकारतं. हा इग्निशन स्विचचा दोष. किल्ली ‘ऑन’वर असताना कॉइलला करंट मिळतो, पण ‘स्टार्ट’वर गेली की झिजलेल्या पट्टीमुळे तो तुटतो. बल्ब लावून सेल्फ मारला की गुपित फुटतं. नेमका उलटा प्रकार बॅलास्ट रेझिस्टर असलेल्या गाड्यांत होतो. सेल्फ मारताना इंजिन पकडतं आणि किल्ली सोडली की बंद पडतं, कारण चालू गाडीत कॉइलकडे जाणारा करंट ज्यातून जातो तो रेझिस्टरच जळालेला असतो.

सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी चांगली, असं गृहीत धरणंही चुकीचं आहे. सेल्फ फिरत असताना उतरत्या बॅटरीचा दाब नऊ व्होल्टच्या खाली जातो. मोटर कशीबशी फिरते, पण कॉइलला उरलेल्या तेवढ्या व्होल्टांत जोरकस ठिणगी पाडता येत नाही. अशी गाडी सेल्फवर दाद देत नाही आणि धक्का मारला की दुसऱ्या गिअरमध्ये लगेच पकडते. धक्क्यावर पटकन पकडणाऱ्या गाडीचे प्लग-पॉइंट बदलत बसू नये. बॅटरी चार्ज करावी, टर्मिनल्सवरचा पांढरा-हिरवा खार गरम पाण्यानं धुवावा, इंजिनाला जाणारी अर्थची पट्टी घट्ट करावी, आणि सेल्फचे बुश झिजून तो फाजील करंट ओढत नाही ना हे बघून घ्यावं.

कॉइलच्या वायरीत ठिणगी आहे पण प्लगवर नाही, तर टोपी काढून उजेडात धरा. आतल्या बाजूला, दोन पितळी टोकांच्या मध्ये, पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर तिथे बारीक तडा आहे आणि करंट त्या वाटेनं पळतोय. टोपीच्या मध्यभागी कार्बनचा छोटा खुंट असतो, तो झिजून आत गेलेला किंवा तुटलेला सापडतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तर टोपीच्या आतल्या बाजूला नुसता घाम सुटलेला असतो. कोरड्या कापडानं टोपी, वायरी आणि कॉइलचं डोकं पुसलं, एवढ्यानंच जुलैतल्या कितीतरी गाड्या सुरू होतात. रात्री, दिवे बंद करून, बॉनेट उघडून सेल्फ मारला तर वायरींवरून बारीक निळ्या ठिणग्या इंजिनावर उड्या मारताना दिसतात. दिसायला सुंदर, पण त्या प्लगमध्ये पडायला हव्या होत्या. वायरी बदला. आणि बदलताना एकेक काढून एकेक लावा, कारण सगळ्या एकदम उपटल्या तर क्रम चुकतो. पद्मिनीच्या इंजिनाचा क्रम १-३-४-२, तीन सिलिंडरच्या मारुती ८००चा १-३-२. दोन वायरींची अदलाबदल झाली की ठिणगी आहे, पेट्रोल आहे, पण वेळ चुकलीय. मग गाडी सुरू व्हायच्याऐवजी कार्बोरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटाके फोडते. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प ढिला होऊन अख्खा डिस्ट्रिब्युटर थोडा फिरला तरी असंच होतं. नुकतंच कुणीतरी बॉनेटमध्ये हात घातला असेल आणि त्यानंतर गाडी बंद असेल, तर शोधाची सुरुवात त्याच जागेपासून करावी.

आता पेट्रोल. आधी काट्यावर विश्वास ठेवू नका, जुन्या गाडीचा काटा अर्ध्यावर अडकून वर्षं काढतो. एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवून कार्बोरेटरच्या घशात बघा आणि हातानं थ्रॉटलची दांडी ओढा. ॲक्सिलरेटर पंपाची पेट्रोलची बारीक, स्पष्ट धार दिसली, तर कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. धार नाही, तर वाटी कोरडी. तीन आठवडे उभ्या असलेल्या गाडीत वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. हा दोष नाही, पंपाला ती भरायला थोडा वेळ लागतो इतकंच. मेकॅनिक ज्याला एसी पंप म्हणतात, त्या इंजिनावरच्या यांत्रिक पंपाला काही गाड्यांत हातानं मारायची छोटी दांडी असते. ती पंधरा-वीसदा मारली की सेल्फचे आणि बॅटरीचे श्रम वाचतात.

तरीही वाटी कोरडीच राहिली, तर पंपाकडून कार्बोरेटरला येणारा पाइप काढून बाटलीत सोडा आणि कॉइलची वायर काढून ठेवून सेल्फ मारा. ठोक्याठोक्यानं जोरात पेट्रोल पडायला हवं. पडतंय, तर वाटीच्या दाराशी असलेली नीडल अडकलीय. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं कार्बोरेटरच्या अंगावर दोन हलक्या टिचक्या मारल्या की ती बहुधा सुटते. पडत नाहीये, तर टाकीच्या दिशेनं मागे मागे जा. टाकीचं झाकण उघडताना सूं करून हवा आत गेली, तर टाकीचं श्वासछिद्र बुजलंय. फिल्टर काळा झाला असेल, तर तो बदला. पंपाचा पडदा फाटला असेल, तर त्याची खूण भलत्याच ठिकाणी मिळते. इंजिन ऑइलची काडी ओढून वास घ्या. तिला पेट्रोलचा वास येत असेल आणि ऑइलची पातळी वाढलेली असेल, तर फाटक्या पडद्यातून पेट्रोल खाली ऑइलमध्ये झिरपतंय. ती गाडी त्या ऑइलवर चालवायची नाही. पंप आणि ऑइल दोन्ही बदलायचं.

मे महिन्यात कसाऱ्याच्या किंवा खंबाटकीच्या घाटात चढावर बंद पडलेली जुनी गाडी हा वेगळाच विषय. इंजिनाला चिकटलेला पंप तापतो, पाइपातलं पेट्रोल उकळतं, पाइपात वाफ धरते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. सेल्फ फिरतो, पण कार्बोरेटर कोरडा. बॉनेट उघडा, ओलं फडकं पंपावर आणि पाइपावर गुंडाळा, वीसएक मिनिटं थांबा. तापलेल्या मॅनिफोल्डवर मात्र पाणी ओतायचं नाही, ओतीव लोखंड तडकतं. घाटात बॉनेट उघडलं की जाणारा प्रत्येक ट्रकवाला सल्ला देतो. या एका बाबतीत त्यांचा सल्ला ऐकायला हरकत नाही.

जुन्या गाड्यांच्या पेट्रोल-तक्रारींत आता एक भर पडलीय. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. पद्मिनीच्या काळातले रबरी पाइप आणि पंपाचे पडदे त्यासाठी घडवलेले नाहीत. ते फुगतात, चिरतात. इथेनॉल टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं साचलेला चिकट थर सोडवून जेटपर्यंत आणतं. शिवाय ते हवेतलं पाणी शोषतं. पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीत पाणी फार झालं, की ते इथेनॉलसकट तळाला बसतं, आणि पेट्रोल उचलणारी नळीही नेमकी तळालाच असते. गाडी फार दिवस उभी राहणार असेल, तर दर पंधरवड्याला सुरू करून चांगली तापेपर्यंत फिरवून आणावी. जुने पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घालून घ्यावेत. नवं भारी पेट्रोल घालण्यापेक्षा हा खर्च अधिक कामाचा आहे.

२००० सालानंतरच्या एमपीएफआय, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या इंजेक्शनच्या, गाड्यांत पॉइंट नाहीत, कार्बोरेटर नाही, पण प्रश्न तेच दोन. किल्ली ‘ऑन’ केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद हलका ‘झूं’ आवाज यायला हवा, तो टाकीतल्या पंपाचा. आवाज नाही, तर आधी फ्यूज आणि रिले, मग पंप. आवाज आहे, पण डॅशबोर्डवरचा किल्लीचा किंवा कुलपाचा दिवा लुकलुकतोय, तर इमोबिलायझरनं किल्ली ओळखलेली नाही, दुसरी किल्ली लावून पाहा. दोन्ही ठीक असूनही ठिणगी आणि पेट्रोल एकदमच गायब असतील, तर क्रँक सेन्सरचा संशय घ्यावा. इंजिन फिरतंय हेच संगणकाला कळत नाही, म्हणून तो दोन्ही रोखून धरतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीला फार वेळ सेल्फ किंवा धक्का मारू नये. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो खराब करतं. आणि उंदीर! सोसायटीच्या तळघरात उभ्या असलेल्या गाडीच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या, हे कारण पुस्तकात शेवटी असतं, आपल्याकडे ते पहिल्या पाचांत धरावं.

सीएनजी बसवलेल्या गाडीत आधी पेट्रोल-गॅसचा स्विच कुठे आहे ते बघा. सिलिंडर रिकामा आणि स्विच गॅसवर, अशा कितीतरी ‘बिघडलेल्या’ गाड्या एका बोटानं सुरू होतात. गॅस पेटवायला ठिणगीही अधिक जोराची लागते. म्हणून पेट्रोलवर सुरू होणारी आणि गॅसवर अडणारी गाडी प्लग-वायरी थकल्याचं सांगत असते. जुन्या डिझेल गाड्यांत ठिणगीच नाही. तिथे टाकी संपेपर्यंत चालवून मग डिझेल भरलं असेल, तर पाइपात एअर पकडलेली असते आणि हातपंप मारून, बोल्ट ढिला करून ती काढावी लागते. थंडीत ग्लो प्लग, आणि किल्ली फिरवल्यावर ‘टक्’ न करणारा स्टॉप सोलेनॉइड, हे पुढचे दोन संशयित.

सगळ्यात चिवट दोष तो, जो मेकॅनिक आला की नाहीसा होतो. गार असताना गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते, वीस किलोमीटर गेल्यावर बंद पडते, अर्धा तास उभी राहिली की पुन्हा मुकाट्यानं चालू होते. तो अर्धा तास मेकॅनिकला यायला लागतो, त्यामुळे तो आल्यावर सगळं ठीकच असतं. वाफ धरण्याचा काळ नसेल, तर हे उष्णतेनं दगा देणाऱ्या कॉइलचं किंवा कंडेन्सरचं काम. गाडी बंद पडल्या क्षणी, ती गार व्हायच्या आत, ठिणगी बघायची. म्हणून लांबच्या प्रवासात तो दोन वायरींचा बल्ब डिक्कीत नव्हे, हाताशी ठेवायचा. घरी तपासायचं असेल, तर इंजिन गार असताना आणि आजूबाजूला पेट्रोलचा वास नसताना केस वाळवायच्या ड्रायरनं आधी कंडेन्सर तापवावा आणि ठिणगी बघावी. मग तो गार होऊ द्यावा, कॉइल तापवावी आणि पुन्हा बघावी. ज्याच्या तापण्यानं ठिणगी मरते तो भाग बदलायचा. कंडेन्सर निघाला, तर तो काढून नवा बसवायला एक स्क्रू आणि एक वायर एवढंच काम असतं.